चुनखडी नाही, पण कॅल्शियम आहे

पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या रानाबद्दल एक विधान वारंवार कानावर येते: इथे चुनखडी नाही, त्यामुळे मातीत कॅल्शियम येते ते पालापाचोळ्यातूनच. पुरावा म्हणून काळ्या दगडावर लिंबू पिळले जाते. फेस येत नाही, आणि निकाल लागतो.

हा निकाल चुकीचा आहे. फेस येतो कार्बोनेटला. बेसाल्टमधले कॅल्शियम मुख्यतः प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन या सिलिकेट खनिजांत अडकलेले असते; लिंबाला ते दाद देत नाही. सह्याद्रीच्या बेसाल्टचे पृथक्करण केले, तर वजनाच्या सुमारे 10 टक्के कॅल्शियम ऑक्साइड निघते. ग्रॅनाइटमध्ये ते जेमतेम 2 टक्क्यांच्या आसपास असते.

शिवाय पाल्यात कॅल्शियम आले कुठून? मुळांनी मातीतून उचलले, तेच पानांबरोबर परत पडले. हा फेरा झाला, नवी भर नव्हे. दर पावसाळ्यात ओढे कॅल्शियम वाहून नेतात. वारा-पावसाबरोबर थोडे येते; बाकीची तूट कातळच भरून काढतो.

मुळे आणि सूक्ष्मजीव यांच्या श्वसनातून मातीत कार्बन डायऑक्साइड साचतो, पाण्यात विरघळून त्याचे कार्बोनिक आम्ल होते. ते खनिजांतून कॅल्शियम सोडवते आणि मागे चिकणमाती उरते. रस्त्यासाठी तासलेल्या दरडीत हे सरळ दिसते: दगडाचा गाभा निळसर काळा, टणक, भोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे तपकिरी थर, बोटांनी चुरडणारे. पुढे त्यांचाच मुरूम होतो.

तरीही शंका असेल, तर अमेरिकेतले हबर्ड ब्रूक हे जंगल पाहावे. आम्लपावसाने तिथल्या मातीतले कॅल्शियम धुऊन गेले. पाला दरवर्षी पडतच होता. 1999 साली संशोधकांनी सुमारे 12 हेक्टर जंगलावर हेलिकॉप्टरमधून वोलॅस्टोनाइट, म्हणजे कॅल्शियमचे सिलिकेट, पसरले. त्यानंतर तिथले शुगर मेपल सावरले.

आणखी काही गैरसमज:

‘बेसाल्टवरची माती सुपीकच.’ माथेरानच्या माथ्यावरचा जांभा बेसाल्टचाच. त्यातले कॅल्शियम पावसाने जवळजवळ सगळे धुऊन नेले आहे.

‘दगडातल्या पांढऱ्या शिरा म्हणजे चुनखडी.’ त्या बहुधा कॅल्साइट किंवा झिओलाइटच्या असतात. लाव्हा थिजल्यानंतर पाण्याने भेगांत साठवलेल्या.

‘दगड ऊन-वाऱ्यानेच झिजतो.’ उन्हाने तडे जातात; कॅल्शियम सुटायला पाणी आणि आम्ल लागते.

कातळाची ही झीज फार संथ असते; गेलेले कॅल्शियम ती लवकर भरून काढत नाही. वणवा लागला, तर पाल्यातले कॅल्शियम राखेत उतरते आणि पहिल्या सरींबरोबर ओढ्याला लागू शकते. म्हणून रानातला पाला पेटवू नका.