अडीच इंचांची उंची

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या पोटाखाली पाठीवर निजावे आणि डोळ्यांत गंज झेलावा, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना सांगितली तर त्यांना ती खरी वाटायची नाही. खुद्द मलाही ती आठवली की नवल वाटते. मोटारीशी माझे नाते मागच्या सीटवर बसून पेपर वाचण्यापलीकडे कधी गेले नव्हते. पण २०२२ सालच्या जुलैमध्ये, महिन्याची रजा काढून मी अमेरिकेत धाकट्या भावाकडे गेलो, आणि तिथे दोन दिवस मी चक्क मेकॅनिकचा पोऱ्या झालो.

भाऊ कोलोरॅडो संस्थानात, डेन्व्हरजवळ राहतो. विमानतळावरून घरी नेतानाच तो म्हणाला, "दादा, या शनिवार-रविवारी आपण गाडीला लिफ्ट बसवायची."

मी बराच वेळ विचारात पडलो. आमच्या सोसायटीत तीन मजल्यांना लिफ्ट बसवायची म्हणून सहा वर्षे सभा चालल्या होत्या. हा मोटारीला दोन दिवसांत कशी बसवणार? शेवटी न राहवून विचारले, तेव्हा वहिनींना हसू आवरेना. गाडीची लिफ्ट म्हणजे पाळणा नव्हे. गाडी तिच्या चाकांवर जितकी उंच उभी असते, त्याहून आणखी काही इंच उंच करणे, एवढाच त्याचा अर्थ.

ही गाडी म्हणजे टोयोटाची टॅकोमा. पुढे माणसे बसायची जागा, मागे सामानाचा उघडा हौदा, चारी चाकांना जोर पुरवण्याची सोय. अशा गाडीला तिकडे पिकअप म्हणतात. डोंगरातल्या खडकाळ वाटांवर गाडीचे पोट दगडांना घासू नये, पुढचे नाक चढावर टेकू नये, म्हणून तिकडचे हौशी लोक ती उंच करून घेतात. भावाने यासाठी वर्षभर पैसे साठवले होते. हे वेड त्याला कुठून लागले, हे मात्र मला विचारावे लागले नाही. आमचे वडील पाटबंधारे खात्यात होते. पावसाळ्यात खात्याच्या जीपमधून ते आम्हा दोघांना अकोले तालुक्यातल्या चिखलवाटांनी न्यायचे. मी मागे बसून पुस्तक वाचायचा प्रयत्न करी. हा मात्र ड्रायव्हरच्या पायांकडे टक लावून बसे.

वडील गेले ते २०२० च्या एप्रिलमध्ये. विमाने बंद होती. भावाला येता आले नाही; अग्नी मी दिला आणि त्याने तो फोनच्या पडद्यावर पाहिला. त्यानंतर आमचे बोलणे तुटले नव्हते, पण ते हवापाण्यापलीकडे जात नव्हते. त्याच्या मनात काय होते ते त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

असो. शनिवारी सकाळी गॅरेजचे दार वर गेले.

आता हे काम नेमके काय असते, ते थोडक्यात सांगतो. या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांपाशी एकेक जाड गुंडाळीची स्प्रिंग असते आणि तिच्या पोटातच शॉकअ‍ॅब्सॉर्बर बसवलेला असतो. मागे मात्र आपल्या मालट्रकना असतात तसे लोखंडी पाटे. पुढे जुना संच काढून अधिक लांब व कडक संच बसवायचा, मागे अधिक कमान असलेले पाटे घालायचे, की गाडीचा सांगाडा वर उचलला जातो. आम्ही उचलली ती अडीच इंच.

यातली सर्वांत धोक्याची वस्तू म्हणजे दाबलेली स्प्रिंग. गाडीचे ओझे पेलणारी ती स्प्रिंग शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर दाबूनच बसवावी लागते, आणि बसवताना निसटली तर माणसाचा जीव घेण्याइतका जोर तिच्यात कोंडलेला असतो. भावाने म्हणूनच कारखान्यातून जोडून आलेला संच मागवला होता. "दादा, मला हौस आहे, पण मरायची नाही," तो म्हणाला. त्याने गाडी जॅकवर उचलली आणि लगेच सांगाड्याखाली लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही, हा पहिला नियम. वडिलांच्या जीपचा ड्रायव्हरही खाली शिरण्यापूर्वी दगड लावत असे, ते मला आठवले.

माझ्याकडे काम आले ते माझ्या पेशाला साजेसे. भावाने बेचाळीस ओळींची यादी केली होती. कोणता बोल्ट, किती जोराने आवळायचा, कधी आवळायचा. तो पान्याने आवळी, टॉर्कच्या पान्याचा 'कट्' असा आवाज होई, आणि मी यादीत बरोबरची खूण करी. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेला हात. खुणा करण्यात मी कमी पडणार नव्हतो.

यादीत एक गंमत होती. काही बोल्ट गाडी वर असताना नुसते हाताने लावून ठेवायचे आणि गाडी चाकांवर खाली आल्यानंतरच पुरते आवळायचे. कारण त्या सांध्यांत रबराचे बूश असतात. चाके हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, तर रबर त्याच अवस्थेत पकडले जाते, आणि गाडी खाली आली की कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. मागच्या पाट्यांच्या टोकांचे बोल्ट असे होते.

रविवारी संध्याकाळी आम्ही त्या कामाशी आलो. टायर चढवले, गाडी खाली घेतली. त्या टायरांविषयीही सांगायला हवे. त्यांच्या अंगावर २८५/७५ आर १६ असे लिहिलेले होते. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या शेकडा किती उंच. तिसरा आतल्या चाकाचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच सुखाने नांदताना पाहून मला आपल्या मराठीतल्या फारसी, संस्कृत आणि इंग्रजी शब्दांची आठवण झाली. जुने टायर होते २६५/७० आर १६ मापाचे, व्यासाने साडेतीस इंचांच्या आसपास; हे नवे पावणेतेहतीसच्या थोडे वर.

एवढा खटाटोप टायरांसाठीच असतो, हे मला तेव्हा कळले. स्प्रिंगा बदलून उचलला जातो तो गाडीचा सांगाडा. मागच्या आसाच्या मधला डिफरन्शियलचा गोळा, जो खडकावर सर्वांत आधी आपटतो, तो होता तिथेच राहतो. त्याला वर न्यायचे तर टायरच मोठा हवा. आणि टायर व्यासाने दोन इंच वाढला तरी गोळा वर जातो एकच इंच. मग मोठा टायर मावण्यासाठी सांगाडा वर घ्या, मडगार्डाच्या आतले प्लॅस्टिक कापा, आणि तरीही स्टिअरिंग पुरते वळवल्यावर टायर मागे घासतो म्हणून वेल्डरकडून लोखंडाचा एक कोपरा कापून घ्या. एका इंचासाठी एवढे!

गाडी खाली आली आणि पाट्यांचे बोल्ट आवळायला सुरुवात झाली. उजवी बाजू झाली. डावीकडचा मागचा बोल्ट झाला. पुढच्याला पाना लावणार, तोच वहिनींची हाक आली, पानं वाढली आहेत. पुतणीने येऊन बापाचा पाय ओढला. "एकच राहिला," भाऊ म्हणाला, "जेवून करू." आणि माझ्या हाताने, सवयीच्या वेगात, शेवटच्या ओळीसमोर खूण केली. आता होणारच आहे, एवढाच विचार. जेवण झाले, गप्पा झाल्या. वडिलांचा विषय पहिल्यांदाच निघाला, आणि बारा वाजले. गॅरेजचे दार तसेच बंद झाले.

सोमवारी व्हील अलाइनमेंट झाली. गाडी उचलली की चाकांचे कोन बिघडतात. ते न सुधारता चालवली तर टायर एका कडेने झिजतात आणि गाडी सरळ धावत नाही. रात्री भिंतीवर चिकटपट्टी लावून दिव्यांचे झोतही खाली घेतले, कारण नाक वर गेलेल्या गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. स्पीडोमीटर मात्र खोटे बोलू लागला होता. चाकाचा घेर वाढला, पण यंत्राला त्याची खबर नव्हती. काटा साठ मैल दाखवी तेव्हा गाडी खरोखर चौसष्टच्या वर धावत असे. टायर जड झाल्याने गाडी सुटायला आळशी झाली, ब्रेक लागायला पूर्वीपेक्षा जास्त अंतर हवे होते, पेट्रोल अधिक जाळू लागली, आणि वळणावर अंग टाकू लागली. उंची वाढली की तोल कमी होतो, हे काही गाडीपुरतेच खरे नाही.

त्याच आठवड्यात आम्ही सगळे लेक सिटी या डोंगरातल्या लहानशा गावी निघालो. तिथून सिनॅमन पास नावाची खिंड ओलांडून जायचे होते. ही खिंड साडेबारा हजार फुटांहून उंच. आपल्या कळसूबाईच्या दुपटीपेक्षाही जास्त. एकोणिसाव्या शतकात चांदी-सोन्याच्या खाणींसाठी केलेल्या या वाटा. काही ठिकाणी एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधे जेमतेम एका गाडीची जागा.

वाटेत एका सिग्नलपाशी गाडी थांबली तेव्हा मागून 'टक्' असा आवाज आला. सुटताना पुन्हा 'टक्'. भाऊ म्हणाला, "नवे पाटे आहेत, बसतील जागेवर. यादी तर पुरी आहे."

यादी पुरी आहे! माझ्या पोटात खड्डा पडला. ती शेवटची खूण डोळ्यांसमोर आली. जेवणानंतर आम्ही परत खाली गेलो होतो का? मला आठवेना. नव्हे, आठवत होते; पण मान्य करायचे नव्हते. अनुस्वार राहिला तर अर्धा गुण कापणारा मी. धाकट्या भावासमोर, वहिनींसमोर, 'मी खोटी खूण केली' असे म्हणायला जीभ उचलेना. त्या रात्री लेक सिटीत मला झोप लागली नाही. पुतणीची सीट डाव्या बाजूला, नेमकी त्या बोल्टाच्या पुढे होती.

पहाटे मी त्याला उठवले आणि सगळे सांगितले. वाटले होते, चिडेल. तो काही बोलला नाही. टॉर्च आणि टॉर्कचा पाना घेऊन आम्ही दोघे गाडीखाली शिरलो. पान्याच्या पहिल्या ओढीला बोल्ट जवळजवळ पाऊण फेरा फिरला, मग आणखी अर्धा, आणि मग कुठे तो 'कट्' आवाज आला. मग आम्ही बेचाळीसच्या बेचाळीस बोल्ट पुन्हा तपासले. तसेही नव्या संचाचे बोल्ट काही शे मैलांनंतर पुन्हा आवळायचेच असतात.

खाली पडल्यापडल्याच तो म्हणाला, "बाबा रोज संध्याकाळी जीपखाली टॉर्च मारायचे, आठवतं?" मी हो म्हटले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "दादा, त्या दिवशी फोन तू धरला होतास. तुझा हात थरथरत होता, मला सारखं दिसत होतं. पण तू एकदाही खाली ठेवला नाहीस." दोन वर्षे न निघालेले बोलणे त्या गारठ्यात, ऑइलच्या वासात निघाले. ते सगळे इथे लिहीत नाही.

खिंडीची वाट लागली तिथे त्याने चारी टायरांची हवा पस्तीस पौंडांवरून वीसवर आणली. हवा कमी झाली की टायर जमिनीला पसरून धरतो आणि खडे अंगात मुरवून घेतो. वर चढताना मनात आले, या सुखाचा निम्मा भाग तर फुकटच्या या युक्तीत आहे! शिखरावर पोहोचलो, तर आमच्या आधी तिथे एक म्हातारे जोडपे साध्या, कुठलाही फेरफार न केलेल्या जीपमधून येऊन सँडविच खात बसलेले. भावाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पुतणी मात्र बर्फ पाहून नाचत होती. पलीकडे उतरून ॲनिमस फोर्क्स हे खाणवाल्यांचे ओसाड गाव पाहिले आणि परतलो. येताना 'टक्' असा आवाज एकदाही आला नाही.

हे वाचून आपल्याकडच्या कोणा तरुणाला हुरूप आला, तर त्याला सांगून ठेवतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, कारखानदाराने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मन मानेल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तसेच सांगितले आहे. तेव्हा पाना उचलण्यापूर्वी आर.टी.ओ.ची पायरी चढावी. आणि टायरमधली हवा योग्य ठेवणे व गाडीखाली वाकून पाहणे, याला कोणत्याच देशात बंदी नाही.

ती यादी मी भावाकडून मागून आणली. शेवटच्या ओळीसमोरची खूण मी लाल शाईने खोडली आणि खाली खरी तारीख घातली. उत्तरपत्रिकांच्या पिशवीत ती असते. महिन्याभराने त्याचा फोन आला. हजार मैल झाले म्हणून त्याने सगळे बोल्ट पुन्हा तपासले होते.

"खुणा कोणी केल्या?" मी विचारले.

"तुझ्या पुतणीने," तो म्हणाला. "आणि प्रत्येक वेळी आधी 'कट्' ऐकू येईपर्यंत ती पेन्सिल खाली ठेवून बसली होती."