क्वेबेकच्या फारकतीचा हिशेब

15 नोव्हेंबर 1976 रोजी कॅनडाच्या फ्रेंचबहुल क्वेबेक प्रांतात रेने लेव्हेक यांचा पार्ती केबेक्वा हा पक्ष निवडून आला आणि देशातून वेगळे होण्याची मागणी सभा-मोर्चांतून थेट सरकारदरबारी पोहोचली. पुढच्या 20 वर्षांत दोनदा सार्वमत झाले. 1980 साली सुमारे 60 टक्के मतदारांनी नकार दिला. 30 ऑक्टोबर 1995 रोजी 93 टक्क्यांहून जास्त मतदान होऊन निकाल 50.58 विरुद्ध 49.42 असा लागला. सुमारे 54 हजार मतांनी कॅनडा एकसंध राहिला. वेगळे व्हायला किती खर्च येईल यावर तेव्हा दोन्ही बाजूंचे अर्थतज्ज्ञ हिरिरीने भांडले. आज त्या काळाकडे पाहताना जाणवते ते असे, की हा खर्च ठरवणे वेगळे होणाऱ्याच्या हातात फारसे नसतेच. तो ठरवतात बँकेतले ठेवीदार, कचेऱ्यांचे मालक, मागे राहिलेले सरकार आणि प्रांतातलेच नाराज लोक.

पहिली वसुली तर सार्वमताच्या आधीच सुरू झाली. जानेवारी 1978 मध्ये सन लाइफ या बड्या विमा कंपनीने आपले मुख्यालय मॉन्ट्रियालहून टोरांटोला हलवण्याचे जाहीर केले. 1976 नंतरच्या पाच वर्षांत लाखभर इंग्रजी भाषक प्रांत सोडून गेले. यावर आक्षेप घेतला जातो, तो निराधार नाही: उद्योग आणि भांडवल त्याआधीपासूनच टोरांटोकडे सरकत होते आणि सन लाइफने कारण दिले ते 1977 च्या फ्रेंच भाषा कायद्याचे. सगळा दोष फुटीरतेच्या माथी मारणे चुकीचेच. पण कार्यालयाचा भाडेकरार किंवा घराचे कर्ज काढणारा माणूस वीस-पंचवीस वर्षांचा विचार करतो. त्या मुदतीत देश कोणता, चलन कोणते, हेच ठाऊक नसेल तर तो शक्यतो निर्णय पुढे ढकलतो किंवा दुसरीकडे जातो. अनिश्चिततेची किंमत अशी निकालाची वाट न पाहताच मोजावी लागते.

दुसरा प्रश्न देशाच्या कर्जाचा. भावाभावांच्या वाटणीत निदान सातबारा तरी समोर असतो. इथे वाटणीचे सूत्रच ठरलेले नव्हते. 1991 मध्ये क्वेबेकच्या राजकीय भवितव्याचा विचार करणाऱ्या बेलांजे-कॅम्पो आयोगापुढे मांडलेल्या हिशेबात क्वेबेकचा वाटा साडेअठरा टक्के निघाला. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर तो सुमारे 25 टक्के होत होता. 1995 च्या सुमारास संघीय कर्ज 500 अब्ज डॉलरच्या पुढे गेले होते. म्हणजे सूत्र बदलले की 30 अब्जांहून जास्त फरक! धनको कर्ज मागणार ते ओटावातल्या संघीय सरकारकडे, तेव्हा आम्ही हात वर करू शकतो, असे काही जण म्हणत. पण जन्मतःच देणे नाकारणाऱ्या राष्ट्राला उद्या रास्त व्याजाने कर्ज कोण देणार? मुख्यमंत्री जाक पारिझो स्वतः अर्थतज्ज्ञ होते. ‘हो’ जिंकले तर आपले रोखे कोसळू नयेत म्हणून त्यांच्या सरकारने प्रांतीय संस्थांमार्फत अब्जावधी डॉलरची रोकड तयार ठेवली होती. मतदारांना सर्व सुरळीत होईल असे सांगणारे सरकार आतून वादळाची तयारी करत होते.

कॅनडाचा डॉलरच वापरू, असेही आश्वासन होते. तसे करण्यापासून कोणी अडवू शकत नव्हते हे खरे. पण त्याचा व्याजदर ठरवताना क्वेबेकला कोण विचारणार होते? सामाईक चलन किती टिकते याचा ताजा दाखलाही समोर होता. 1 जानेवारी 1993 रोजी चेकोस्लोव्हाकिया सामोपचाराने विभागला गेला. मालमत्तेची वाटणी साधारण दोनास एक अशी झाली आणि चलन काही महिने तरी एकच ठेवायचे ठरले. पण स्लोव्हाक ठेवीदारांना आपले पैसे चेक बँकांत जास्त सुरक्षित वाटले आणि 8 फेब्रुवारीला चलने वेगळी करावी लागली. नव्या नोटा पुरेशा नव्हत्या, म्हणून जुन्याच नोटांवर तिकिटे चिकटवली गेली. माणशी रोख फक्त 4,000 कोरुना बदलून मिळत. उरलेले बँकेत भरायचे. जुलैमध्ये स्लोव्हाक कोरुनाचे 10 टक्के अवमूल्यन झाले. दोन्ही सरकारांच्या सह्या असलेला करार सर्वसामान्यांच्या धास्तीपुढे सहा आठवडेसुद्धा टिकला नाही.

प्रांताच्या आतलीही गणिते होतीच. ओटावा नदीपलीकडच्या उतावे भागात राहणाऱ्या हजारो संघीय कर्मचाऱ्यांना आम्ही सामावून घेऊ, असे पारिझो सरकारने सांगितले. त्यांच्या पगाराचा बोजाही अर्थातच नव्या राष्ट्रावर पडला असता. उत्तरेत क्री आदिवासींनी 24 ऑक्टोबर 1995 रोजी स्वतःचे सार्वमत घेतले आणि 96 टक्के लोकांनी कॅनडातून बाहेर पडायला नकार दिला. क्वेबेकची अभिमानाची जेम्स बे जलविद्युत योजना त्यांच्याच भूमीवर आहे. कॅनडाचे विभाजन होऊ शकते तर क्वेबेकचे का नाही, या प्रश्नाला फुटीरवाद्यांकडे पटण्याजोगे उत्तर नव्हते.

सर्वात वजनदार आक्षेप उरतो: स्वातंत्र्य पैशांत मोजायचे नसते, आणि स्लोव्हाकियाचे शेवटी वाईट कुठे झाले? 2004 मध्ये तो युरोपीय संघात आला, 2009 मध्ये त्याने युरो स्वीकारला. हे मान्य. खर्च कायमचा नसतो आणि फ्रेंच भाषकांची गाऱ्हाणीही खोटी नव्हती. पण स्लोव्हाकियाला सोडचिठ्ठी द्यायला समोरचा राजी होता आणि पुढे शिरायला मोठे घर तयार होते. क्वेबेकला यातले पहिले नव्हते. 1998 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले: एकतर्फी वेगळे होता येणार नाही, स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले तर मात्र सगळ्यांना वाटाघाटींना बसावे लागेल. उलट भाषेचा कायदा, स्वतःची पेन्शन योजना, स्थलांतरितांच्या निवडीचा अधिकार हे सगळे क्वेबेकने कॅनडात राहूनच मिळवले. म्हणून जगात कुठेही फारकतीचे वचन ऐकताना मतदाराने एवढेच विचारावे: यातल्या किती गोष्टींना समोरच्याची संमती लागते, आणि ती मिळाली नाही तर खर्च कोण सोसणार?