पदवीनंतर अध्यापन : एका निर्णयाचा विचार

एम. ए. किंवा एम. एस्सी. परीक्षेत चांगली श्रेणी मिळाली की ‘आता प्राध्यापक व्हा’ हा सल्ला विद्यार्थ्यास सहज मिळतो. ज्यास विषय येतो त्यास तो शिकविताही येईल, आणि शिकविणे त्यास रुचेलही, असे गृहीत त्यामागे दडलेले असते. ते न तपासता आयुष्याची तीस वर्षे त्यावर सोपविणे धोक्याचे होय.

विषयाची गोडी आणि अध्यापनाची गोडी या दोन निरनिराळ्या वृत्ती आहेत. अभ्यासकाचे लक्ष आपणांस अद्याप न उमगलेल्या गोष्टीकडे असते. आपणांस केव्हाच उमगलेली गोष्ट दुसऱ्यास का उमगत नाही, याचे कुतूहल अध्यापकापाशी असावे लागते. तेच प्रकरण, तीच शंका, तोच प्रमाद दरवर्षी नव्या मुखाने समोर येतो. या पुनरुक्तीचा ज्यास वीट येतो, त्याने संशोधन, कोशकार्य वा अभिलेखागार यांची वाट धरावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आरंभीच्या आजीव सदस्यांचे उदाहरण येथे विचारार्ह आहे. १८८४ साली ही संस्था व १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. दरमहा ७५ रुपये वेतनावर वीस वर्षे सेवा, अशी सदस्यांची प्रतिज्ञा होती. हा इतिहास त्यागाची कथा म्हणून वारंवार सांगितला जातो. निर्णयाची कथा म्हणून तो क्वचितच वाचला जातो. सदस्याने आपली सारी शक्ती संस्थेसच द्यावी की बाहेरचे कार्यही करावे, या वादातून गणिताचे नामांकित अध्यापक असलेले टिळक १८९० साली बाहेर पडले. आगरकर ‘सुधारक’ चालवीत असतानाही महाविद्यालयातच राहिले, १८९२ मध्ये प्राचार्य झाले आणि १८९५ साली त्या पदावर असतानाच निवर्तले. गोखले यांची गोष्ट तर आणखी निराळी. त्यांनी कायद्याच्या अभ्यासाचाही विचार केला होता. पुढे ते शिक्षक झाले, आणि इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे जे विषय संस्थेने सोपविले ते शिकवीत गेले. आवडता विषय मिळेल तरच शिकवीन, असे म्हणणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे. १९०२ साली तेही निवृत्त होऊन पूर्णतः सार्वजनिक जीवनाकडे वळले. तिघांचीही योग्यता वादातीत होती. प्रश्न योग्यतेचा नव्हताच, आपली शक्ती कोठे वेचावी याचा होता.

आजच्या उमेदवारापुढे हा प्रश्न अधिक रूक्ष स्वरूपात उभा राहतो. महाविद्यालयीन नियुक्तीसाठी नेट, सेट वा पीएच. डी. यांची अट आहे. माध्यमिक शाळेसाठी बी. एड. लागते, आणि तो अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आहे. अर्हता मिळाली तरी नियुक्ती मिळतेच असे नाही. कित्येकांची वर्षे तासिका तत्त्वावर जातात. दर तासामागे मानधन, सुटीत काहीच नाही, आणि पुढील वर्षाची शाश्वती नाही. घरची जबाबदारी असलेल्या उमेदवाराने याचा हिशोब आधीच मांडावा. तो हिशोब मांडणे म्हणजे ध्येयशून्यता नव्हे. उलट तो टाळल्यानेच पुढे कटुता येते, आणि तिची किंमत वर्गातील विद्यार्थी भरतात.

कामाच्या भाराविषयीही भ्रम पुष्कळ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकास आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते, परंतु एकूण कार्यभार ४० तासांहून कमी नसावा असेही तेथेच म्हटले आहे. उरलेला वेळ तयारी, उत्तरपत्रिका, समित्या आणि अहवाल यांत जातो. अहवालांचा वाटा कुणाही अननुभवी तरुणास अविश्वसनीय वाटावा इतका असतो!

तेव्हा निर्णयापूर्वी एक सत्र तरी प्रत्यक्ष शिकवून पाहावे, आणि तेही हुशार विद्यार्थ्यांस नव्हे. ज्या तासाला वर्ग गप्प बसला व काहीच कळले नाही असे दिसले, त्या दिवशी घरी परतताना मनात काय चालले होते, हे टिपून ठेवावे. विद्यार्थ्यांच्या बुद्धीला दोष देण्यात वाट सरली, की दुसऱ्या दिवशी तोच भाग कोठून आरंभावा याची जुळवाजुळव चालली होती, हे त्या टिपणांवरून सत्राअखेर वाचता येते.