आपला गडी समोरच्या अंगणात

मी सातवी-आठवीत असतानाची गोष्ट. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात तेव्हा आजच्यासारख्या इमारती नव्हत्या. भात कापून झाला की एखाद्या रिकाम्या शेतात माती चाळायची, पाणी मारून चोपायची आणि फक्कीने रेषा आखायच्या, की झालं कबड्डीचं मैदान. आमच्या संघात एक दादा होता. तिशीला आलेला, अंगाने किरकोळ, पण चढाईला निघाला की समोरचे सातही जण मागच्या रेषेला चिकटायचे. त्याचं नाव इथे देत नाही, त्याला ते आवडणार नाही. त्या वर्षी त्याला अंबरनाथच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि हिवाळ्यातल्या स्पर्धेत तो कंपनीच्या संघातून आमच्याच विरुद्ध उतरला.

त्याने पहिल्याच चढाईत आमचे दोन गडी टिपले. मैदानाभोवती ओरडा झाला, ‘विकला गेला!’ मीही ओरडलो. तो परत जाताना मी मूठभर माती उचलून त्याच्या दिशेने भिरकावली. ती त्याच्या पाठीला लागली. त्याने वळून पाहिलं, मला ओळखलं आणि काहीही न बोलता तो मध्यरेषेपलीकडे गेला. सामना आम्ही हरलो.

त्या मातीचं मला पुढे बरीच वर्षं नवल वाटत राहिलं. तो माणूस रोज संध्याकाळी आम्हा पोरांना पायाची चपळाई शिकवायचा. मग एवढा राग आला कुठून? मी क्रीडापत्रकार नाही, मानसशास्त्र शिकलेलो नाही. कात्रणं जमवणं आणि जुने धावफलक वाचणं एवढाच माझा अभ्यास. पण आपला मुरलेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की चाहत्याच्या मनात नेमकं काय होतं, हा प्रश्न घेऊन मी ती कात्रणं पुन्हा चाळली. त्यातून जे हाती लागलं, ते वाचकांपुढे ठेवतो.

पोटाची वाट

संघ बदलणं हे लिलावाच्या काळात सुरू झालं, असा एक समज आहे. तो खरा नाही. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी १९३९-४० च्या रणजी हंगामात महाराष्ट्राकडून पुण्यात नाबाद ३१६ धावा केल्या. समोरचा संघ होता बडोद्याचा. त्यानंतर थोड्याच काळात हजारे बडोदा संस्थानाच्या सेवेत गेले आणि बडोद्याकडून खेळू लागले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी गुल महंमद यांच्यासोबत ५७७ धावांची भागीदारी केली, तीही बडोद्यासाठीच. ज्या संघाची गोलंदाजी फोडून काढली, त्याच संघाचे ते पुढे आधारस्तंभ झाले.

त्या काळात क्रिकेट खेळून घर चालत नसे. खेळाडूला आश्रय लागे, आणि तो संस्थानिक देत. संस्थानं गेल्यावर त्यांची जागा रेल्वे, बँका, विमान कंपन्या आणि कारखान्यांनी घेतली. कबड्डी आणि हॉकीत तर खेळाडूच्या कोट्यातली नोकरी हेच पोरांचं स्वप्न असे. आमचा दादा याच वाटेने गेला. माझ्या वडिलांना हे लगेच कळलं होतं. ‘त्याला पगार चालू झालाय, तू कशाला जळतोस?’ एवढंच ते म्हणाले. पोटासाठी गेलेल्या माणसाला मोठी माणसं माफ करत. राग धरत ती पोरं, कारण पोटाचा प्रश्न अजून त्यांच्या वाट्याला आलेला नसे.

पण पोटाच्या कारणाने सगळा उलगडा होत नाही. खेळाडू चाळिशीकडे झुकलेला असेल, त्याचं नाव होऊन गेलेलं असेल, तेव्हा चाहत्याची वेदना वेगळीच असते.

मुंबई ते नागपूर

महाराष्ट्र हे एक राज्य, पण रणजी करंडकात त्याचे संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. आम्ही बदलापूरकर राहतो लोकलच्या टोकाकडे, पण क्रिकेटच्या बाबतीत मनाने मुंबईचे. त्या मुंबईने १९९६-९७ मध्ये वसीम जाफर नावाचा एक किडकिडीत सलामीवीर आणला. दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात त्याने राजकोटला सौराष्ट्राविरुद्ध नाबाद ३१४ धावा केल्या. पुढे तो भारताकडून ३१ कसोटी खेळला. २००८-०९ आणि २००९-१० असे लागोपाठ दोन रणजी करंडक मुंबईने त्याच्या नेतृत्वाखाली जिंकले.

हा जाफर २०१५ मध्ये विदर्भाकडे गेला. वय सदतीस. त्याआधी २००९ मध्ये अमोल मुझुमदारने मुंबई सोडून आसामची वाट धरली होती. २००६-०७ चा करंडक जिंकून देणारा हा कर्णधार. त्या वेळी हळहळ झाली, राग मात्र फारसा दिसला नाही. जाफरचंही तसंच झालं. ‘जाऊ दे, उतारवयात चार सामने खेळेल, तिकडच्या पोरांना शिकवेल,’ हा आमचा सूर. विदर्भाने १९५७-५८ पासून रणजी खेळून एकदाही करंडक जिंकला नव्हता. आपण त्यांना एक जुना माणूस देऊन टाकतोय, अशी आमची दानशूर भावना होती. जाफर गेला त्याच हंगामात मुंबईने आपला एक्केचाळिसावा करंडक जिंकला, त्यामुळे ती भावना आणखी पक्की झाली.

मग २०१७-१८ आलं. मुंबईचे माजी प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आता विदर्भाचे प्रशिक्षक होते, फैज फजल कर्णधार आणि आघाडीच्या फळीत जाफर. इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिला करंडक उचलला. पुढच्या हंगामात तर विदर्भाने नागपूरला मुंबईलाच एक डाव आणि १४५ धावांनी हरवलं. त्या सामन्यात चाळीस वर्षांच्या जाफरने १७८ धावा केल्या. त्या हंगामात त्याच्या हजारावर धावा झाल्या आणि विदर्भाने करंडक राखला.

डिसेंबर २०१८ मधल्या त्या दिवशी मी बदलापूर लोकलमध्ये उभा राहून मोबाईलवर धावफलक बघत होतो. जाफरची धावसंख्या पुढे सरकली की बरं वाटायचं, विदर्भाची सरकली की पोटात खड्डा पडायचा. दोन्ही आकडे एकाच चौकाराने वाढत होते. इतकी वर्षं ‘जाफर’ आणि ‘मुंबई’ हे माझ्या मनात एकच होतं; आता त्यातलं एक निवडायची वेळ आली होती.

आणि तेव्हा जे लागलं, ते जाफरने आपल्याला सोडलं म्हणून नव्हे. तो गेला तेव्हा कुठे काय वाटलं होतं? लागलं ते यासाठी, की आपण ज्याला संपलेला समजून निरोप दिला तो संपलेला नव्हता. मुरलेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याकडे जाऊन अपयशी ठरला, तर आपण हळहळतो आणि आतून निर्धास्त होतो. यशस्वी ठरला, की आपला निवाडा चुकल्याचं जाहीर होतं. २०२२ मध्ये बंगळुरूला मध्य प्रदेशाने अंतिम सामन्यात मुंबईला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला, तेव्हाही प्रशिक्षक पंडितच होते. तेव्हाही हा सल उठला.

राग कुणावर निघतो

कबड्डीत अनुप कुमारचं उदाहरण आहे. तो हरियाणाचा, पण यू मुंबाचा कर्णधार म्हणून महाराष्ट्राने त्याला आपलंसं केलं होतं. प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामाच्या, २०१४ च्या अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने यू मुंबाला हरवलं. पुढच्या वर्षी अनुपच्या संघाने विजेतेपद मिळवलं. २०१८ च्या लिलावात तोच अनुप जयपूरकडे गेला आणि त्याच हंगामात त्याने निवृत्ती जाहीर केली. आमच्या भागातल्या कबड्डीप्रेमींत मी त्याच्याविषयी वाईट शब्द ऐकला नाही. लिलावात हातोडा पडतो, तिथे खेळाडूला कोण विचारतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

याउलट २०२४ चं वानखेडे आठवा. हार्दिक पंड्या मूळचा मुंबई इंडियन्सचाच. गुजरात टायटन्सकडे जाऊन त्याने २०२२ मध्ये पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवून दिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो मुंबईत परतला आणि डिसेंबरात त्याला रोहित शर्माच्या जागी कर्णधार नेमलं गेलं. मार्चमध्ये अहमदाबादला त्याची हुर्यो उडवली गेली; तिथल्या लोकांना तो सोडून गेल्याचा राग होता. एक एप्रिलला वानखेडेवरही हुर्यो उडवली गेली, नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. इथला राग तो आल्याचा होता. दोन शहरं, दोन उलट कारणं, पण हुर्यो एकाच माणसाची.

अनुपवर न निघालेला राग हार्दिकवर का निघाला? मला दोन कारणं दिसतात. पहिलं, अनुपने कुणाची जागा हिरावली नव्हती, हार्दिक मात्र आपल्या लाडक्या माणसाच्या खुर्चीत बसलेला दिसत होता. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. लिलाव सगळ्यांसमोर झाला होता. कर्णधार बदलण्याचा निर्णय बंद दाराआड झाला. तो घेणारे नाणेफेकीला येत नाहीत, सीमारेषेवर उभे राहत नाहीत. मैदानावर चेहरा असतो तो खेळाडूचा. राग कितीही योग्य असला, तरी तो समोर दिसणाऱ्या पाठीवरच बसतो.

आणि हा राग टिकतोही थोडाच. जूनमध्ये भारताने टी-२० विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्याचं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं. चार जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक वानखेडेवर पोचली, तेव्हा तेच स्टेडियम हार्दिकच्या नावाचा जयघोष करत होतं. मध्ये गेले होते तीन महिने.

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात आईस हॉकीचे दोन मोठे संघ आहेत, पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया, आणि त्यांच्यात हाडवैर आहे. यारोमिर यागर या चेक खेळाडूने १९९१ आणि १९९२ मध्ये पिट्सबर्गसोबत स्टॅन्ली चषक जिंकला होता. काही वर्षं रशियात खेळून तो २०११ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी परतला, तो थेट फिलाडेल्फियाच्या संघात. त्या डिसेंबरात तो पिट्सबर्गला खेळायला आला तेव्हा त्याच्या जुन्या गावाने त्याची हुर्यो उडवली. त्याने त्यांच्याविरुद्ध गोलही केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र त्याच पिट्सबर्गने त्याचा ६८ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. आता तो क्रमांक त्या संघात दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. राग बारा वर्षांत विरला. खाली उरलं होतं ते जुनं प्रेमच.

पाठीवरची माती

हे सगळं मी तटस्थपणे लिहितोय असं वाटेल. तसं नाही. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी काम करत होतो त्या कंपनीने आमचा विभाग बंद केला. मला दुसरीकडे नोकरी मिळाली, ती नेमकी त्याच धंद्यातल्या प्रतिस्पर्धी कंपनीत. अठरा वर्षं ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, त्यातले दोघे-तिघे स्टेशनवर दिसले की दुसरीकडे बघायचे. ‘तिकडे गेला’ हे त्यांचे शब्द माझ्यापर्यंत आले. विभाग कुणी बंद केला हे त्यांना माहीत होतं. पण निर्णय घेणारा कधी बदलापूर स्टेशनवर भेटत नाही. मी भेटत होतो.

त्या दिवसांत एका संध्याकाळी मी दादाकडे गेलो. कंपनीतून निवृत्त होऊन तो घरीच होता. मी म्हटलं, ‘दादा, लहानपणी तुला माती मारली होती.’ तो हसला. म्हणाला, ‘माती लागली त्याचं काही नाही रे. पण त्या दिवशी आपलं एक पोर उजव्या कोपऱ्यात चुकीचं उभं राहत होतं. मला सारखं वाटत होतं, ओरडून त्याला सांगावं. सांगता येईना.’

संघ बदललेल्या खेळाडूच्या मनात काय चालतं, ते मला तोवर सुचलंच नव्हतं. मी सगळा हिशेब चाहत्याच्या बाजूने मांडत होतो. समोरच्या अंगणातून आपल्या पोराची चूक दिसत असते आणि ती आपल्याच फायद्याची असते; त्या कोपऱ्यातूनच त्याने त्या दिवशी गुण नेले होते.

हेंद्रेपाड्यात आता शेतं उरलेली नाहीत, पण इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत अजून स्पर्धा होतात, मॅटवर, दिव्यांच्या उजेडात. गेल्या हिवाळ्यात दादाला खुर्ची टाकून पहिल्या रांगेत बसवलं होतं. आमच्याकडून दोन वर्षं खेळलेला एक पोरगा या वेळी पलीकडच्या संघात होता. त्याने चढाईत गडी टिपला आणि माझ्या शेजारच्या एका लहान मुलाने तोंडाला हात लावून आरोळी ठोकली, ‘विकला गेला!’ दादाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी त्या मुलाला काही बोललो नाही. सामना संपल्यावर मात्र त्याला सोबत घेऊन त्या पोराला भेटायला गेलो.