जुनी मोटार, नवा रंग

अमेरिकेत १९६४ साली पॉन्टियाक जीटीओ अवतरली आणि बेताच्या आकाराच्या मोटारीत प्रचंड इंजिन बसविण्याची चढाओढ सुरू झाली. भारताची दारे तोवर परदेशी मोटारींना बव्हंशी मिटली होती. जनरल मोटर्सने मुंबईतील कारखाना १९५४ मध्येच बंद केला होता. त्यामुळे आपल्याकडील खरी अमेरिकन ठेव त्याआधीची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ पासून कुर्ल्यात जोडलेल्या डॉज, प्लिमथ या मोटारी तीतच मोडतात.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला. सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठे फेरफार झालेल्यांना तो नाकारला. हे योग्यच झाले. उद्या वसईतील चांदीपसारख्या गावी एखाद्या गोठ्यात अशी मोटार सापडली, तर पहिला मोह तिला रंग देण्याचाच होईल. कोकणपट्टीच्या दमट हवेत गंज थांबविलाच पाहिजे. परंतु गंजाबरोबर इतिहासही खरवडून काढण्याचे कारण नाही. मूळ रंग, विरलेली बैठक, कुर्ल्याच्या कामगाराच्या हातचा जोड एकदा गेला की कोणताही कारागीर तो परत आणू शकत नाही. अशा मोटारीच्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क पडते. ते भरणाऱ्याने आपण धनी कमी आणि राखणदार अधिक आहोत, हे ओळखावे.