वकील अँड्र्यू जॅक्सन : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेचे सातवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन (१७६७–१८४५) हे केवळ तलवारीच्या बळावर सत्तेपर्यंत पोहोचले, असा समज रूढ असला, तरी १८१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सची लढाई जिंकण्याच्या कितीतरी आधी ते वकील, लोकप्रतिनिधी आणि न्यायाधीश झालेले होते. नॉर्थ कॅरोलायनातील सॉल्सबरी येथे, त्या काळच्या रीतीप्रमाणे, प्रस्थापित वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करून त्यांनी १७८७ मध्ये वकिलीची सनद मिळवली आणि पुढच्याच वर्षी ते सीमाप्रदेशात, म्हणजे मूळ रहिवाशांच्या भूमीत गोऱ्या वसाहतकऱ्यांची वस्ती नुकतीच सरकू लागली होती अशा मुलखात, नॅशव्हिल येथे सरकारी वकील म्हणून दाखल झाले.

सामान्य माणसाचा कैवारी ही त्यांची प्रतिमाही या आरंभकाळाशी जुळत नाही. त्यांच्या वकिलीत कर्जवसुलीच्या दाव्यांचा भरणा होता, त्यांत ते बहुधा धनकोंची, म्हणजे कर्ज देणाऱ्यांची, बाजू मांडत, आणि रोख पैसा दुर्मीळ असल्याने त्यांचा मेहनताना अनेकदा जमिनीच्या रूपाने मिळे. १७९६ मध्ये टेनेसी राज्य झाल्यावर ते त्याचे प्रतिनिधिगृहातील पहिले सदस्य झाले. त्यांचा ‘हर्मिटेज’ मळाही गुलामांच्या श्रमावर उभा होता.

सर्वांत चिवट गैरसमज १८३२ च्या वूस्टर खटल्याविषयी आहे. चेरोकी या मूळ रहिवासी लोकांच्या प्रदेशात जॉर्जिया राज्याचे कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी दिला, तेव्हा ‘आता त्यांनीच तो अमलात आणावा’ अशा आशयाचे उद्गार जॅक्सन यांनी काढल्याचे सांगितले जाते. परंतु हे वाक्य प्रथम १८६४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे दोन दशकांनी, होरेस ग्रीली यांच्या पुस्तकात छापले गेले आणि त्याला समकालीन पुरावा नाही. तरी त्यामुळे चेरोकींच्या हकालपट्टीबाबतची जॅक्सन यांची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा १८३० चा कायदा त्यांनीच पुढे रेटला होता. चेरोकींची सक्तीची पाठवणी १८३८ मध्ये मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या कारकिर्दीत झाली, सुमारे चार हजार माणसे तीत दगावली असे मानले जाते, पण तिला आधार होता तो जॅक्सन यांच्याच काळातील १८३५ च्या न्यू एकोटा तहाचा. हा तह चेरोकींच्या एका लहान गटाने केला होता. प्रमुख जॉन रॉस आणि चेरोकी शासन यांनी त्याला कधीच संमती दिली नव्हती, तरीही सिनेटने तो आवश्यक दोन-तृतीयांश बहुमताच्या जेमतेम काठावर, अवघ्या एका मताने, मंजूर केला.