न उगवणाऱ्या जंतूंची हजेरी

रात्रीं कोमट दुधांत चमचाभर विरजण घालून आपण निजतों आणि सकाळीं दहीं तयार असतें. हें काम कोणाचें, असें विचारल्यास घरांतील मुलेंहि ‘जंतूंचें’ म्हणून सांगतील. परंतु कोणकोणत्या जंतूंचें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानें सन १८८१ च्या सुमारास जंतु ओळखण्याची एक युक्ति रूढ केली. घट्ट पोषक द्रव्याच्या थरावर नमुना पसरावयाचा. एकेका जंतूची वाढ होऊन डोळ्यांना दिसणारा ठिपका उमटला म्हणजे ठिपके मोजावयाचे. १८८७ सालीं पेट्री यानें त्यासाठीं झांकणाची कांचेची बशी योजिली. शिक्षक असतांना मीहि मुलांना निःशंकपणें सांगत असें कीं, बशीवर उगवतील तितकेच जंतु नमुन्यांत आहेत असें समजावें. हें माझें सांगणें चुकीचें होतें. मातीचा किंवा तळ्यांतील पाण्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखालीं धरला असतां जितके जंतु दिसतात, त्यांपैकीं शेंकडा एकहि पुष्कळदां बशीवर उगवत नाहीं. कोणाला तें अन्न मानवत नाहीं, कोणाला हवा सोसत नाहीं, कोणाला शेजाऱ्यावांचून जगतां येत नाहीं.

वर्गांत ‘हजर’ म्हणेल त्याच्याच नांवापुढें खूण करावी आणि मुकाट बसलेल्यांस गैरहजर धरावें, तशी ही गत. नवी पद्धति उत्तराची वाट पाहत नाहीं. ती प्रत्येकाच्या अंगावरील नांव वाचते. प्रत्येक पेशींत प्रथिनें घडविणारे सूक्ष्म कारखाने असतात. त्यांच्या एका भागाचा आराखडा प्रत्येक जंतूच्या डी. एन. ए. मध्यें लिहिलेला असतो. त्यांतील कांहीं अक्षरें सर्वत्र सारखीं, कांहीं जातीगणिक निराळीं. सारख्या अक्षरांवरून जागा सांपडते, निराळ्यांवरून जात ओळखतां येते. अमेरिकेंत कार्ल वोज व जॉर्ज फॉक्स यांनीं १९७७ सालीं याच भागाच्या तुलनेनें आर्किया हें जीवांचें स्वतंत्र कुळ उजेडांत आणिलें. १९८३ सालीं कॅरी मलिस यानें अशा मजकुराच्या प्रती काढण्याची रीत शोधली. एकाच्या दोन, दोहोंच्या चार, अशा तीस फेऱ्यांत हिशेबानें शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. त्या वाचल्या म्हणजे दह्यांतील वा मातींतील जंतूंची यादी हातीं येते.

मात्र ही यादीहि निर्दोष नव्हे. शाळा सोडून गेलेल्या मुलाचें नांव पटावर राहावें, तसें मेलेल्या जंतूचें नांवहि कांहीं काळ तींत राहतें. शिवाय सर्वांच्या प्रती सारख्या प्रमाणांत निघत नाहींत. म्हणून त्यांवरून काढलेली संख्या बेतानेंच मानावी. आणि जंतु काय काम करतो हें नीट पाहावयाचें तर त्याला वाढविण्याचा यत्न करावाच लागतो.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. पटकीचा जो जंतु कॉखनें १८८४ सालीं कलकत्त्यास ओळखला, त्याच्याविषयीं १९८२ सालीं रिटा कॉलवेल व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, प्रतिकूल पाण्यांत तो जिवंत असूनहि बशीवर उगवेनासा होतो. तेव्हां बशी कोरी राहिली एवढ्यावरून पाणी निर्धोक म्हणतां येत नाहीं. संशय असेल तेथें तें उकळूनच प्यावें. न दिसणें आणि नसणें यांतला भेद मला उतारवयांत उमगला. आपल्या मुलांना तो वेळींच सांगा.